ओळख ऑनलाइन, भेट पुलावर

जुन्या दगडी पुलाचा एखादा फोटो कुणीतरी इंटरनेटवर टाकतं. खाली कुणी विचारतं, "हा सांगलीचा आयर्विन का हो?" तिथून बोलणं सुरू होतं. वर्ष-दोन वर्षांत ते पुलांपुरतं राहत नाही. नोकरी, आईचं आजारपण, मुलांच्या परीक्षा सगळं त्यात येतं. मग वाचकांकडून जे प्रश्न येतात ते बहुतेक ठरलेले असतात. हा माणूस सांगतो तसाच असेल का? घरी कसं सांगायचं? भेटावं का, आणि भेटायचं तर कुठे? दोघांनी मिळून जमवलेल्या फोटोंवर हक्क कुणाचा? ज्या पुलामुळे ओळख झाली तोच पाडायला निघाले तर काय करता येईल?

अशी मैत्री खरी असते, हे आधीच सांगायला हवं. तिला कुणी 'मोबाइलवरचं खूळ' म्हणत असेल तर मनाला लावून घेऊ नका. मात्र दोन ठिकाणी मैत्रीचा भरवसा पुरत नाही, खात्रीच करून घ्यावी लागते. एक म्हणजे पैशाचा व्यवहार आणि दुसरं म्हणजे पुलाची मजबुती. पुढचं बरंचसं मार्गदर्शन या दोन गोष्टींभोवतीच आहे.

माणूस खरा आहे का, हे कसं पाहावं?

पुलांच्या आवडीचा इथे तुम्हाला मोठा उपयोग आहे. नदीकाठच्या माणसाला आपल्या पुलाबद्दल अशा गोष्टी ठाऊक असतात ज्या दूर बसून शोधता येत नाहीत. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे ते पाहूनच घराबाहेर पडतो. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट, हे तिथल्या शाळकरी मुलालाही माहीत असतं. त्यामुळे चौकशी पोलिसी थाटात करायची गरज नाही, गप्पांच्या ओघात ती होऊन जाते.

- ताजा फोटो मागा. 'आज पाणी कुठपर्यंत आलंय, दाखवाल का?' एवढंच विचारा. आवड असणारा माणूस असा फोटो आनंदाने पाठवतो. नेहमी तेच ते सुबक, व्यावसायिक फोटो येत असतील तर ते गूगल लेन्समध्ये टाकून पाहा. फोटो मूळचा कुणाचा आहे ते अनेकदा कळतं.
- व्हिडिओ कॉल दिवसाउजेडी आणि शक्यतो पुलावरून करा. एकदा-दोनदा नकार आला म्हणून संशय घेऊ नका. काही माणसं खरोखर लाजरी असतात. पण महिनोन्‌महिने दर वेळी नवं कारण येत असेल, तर ओळख तितकीच ठेवा.
- उत्तरं घाईची आहेत की निवांत, ते पाहा. फसवणाऱ्याला पुलात रस नसतो, तुमच्यात असतो. तो दोन वाक्यांत कमानींवरून तुमच्या एकटेपणावर येतो.
- कागदपत्रं मागू नका, देऊ नका. आधार कार्डाच्या फोटोने मैत्री सिद्ध होत नाही. त्या फोटोचा गैरवापर मात्र होऊ शकतो. घरचा पत्ता द्यायचीही घाई नको.

एक काळजी उलट बाजूने घ्या. माहितीतली चूक म्हणजे लबाडी नव्हे, विशेषतः नावांच्या बाबतीत. पुण्यात ज्याला सगळे लकडी पूल म्हणतात तो कागदोपत्री छत्रपती संभाजी पूल आहे. बंडगार्डनचा जुना पूल म्हणजेच फिट्झगेराल्ड पूल. नाशिकचा १८९५चा व्हिक्टोरिया पूल आता अहिल्यादेवी होळकर पूल झाला. मुंबईचा कर्नाक पूल २०२२मध्ये पाडला आणि त्याच जागी उभारलेला पूल २०२५मध्ये सिंदूर पूल या नावाने खुला झाला. तीस वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला माणूस जुनंच नाव घेणार. त्यावरून त्याला खोटं ठरवलंत, तर एक चांगला माणूस दुखावला जाईल.

पैशाचा विषय निघाला की

इथे नियम एकच ठेवा: प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय पैसे देणं नाही, घेणं नाही, 'दोन दिवसांत परत करतो' हेही नाही. रक्कम लहान असली तरी नाही. खऱ्या मित्राला हे स्पष्टपणे सांगितलेलं कळतं.

सर्वांत जास्त लोक अडकतात ते पार्सलच्या सापळ्यात. परदेशातला 'मित्र' सांगतो की पुलांची जुनी छापील चित्रं किंवा दुर्मीळ पुस्तक पाठवलं आहे. चार दिवसांनी 'कस्टम्समधून' फोन येतो की पार्सल अडकलं आहे, शुल्क या खात्यावर भरा. सीमाशुल्क विभाग कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. असा फोन आला तर वाद घालत बसू नका. फोन ठेवा आणि क्रमांक तपासा.

पैसे गेलेच असतील तर लाज वाटून गप्प राहू नका. पुढच्या गोष्टी याच क्रमाने करा:

1. १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येतात, पण त्यासाठी हातात फार थोडा वेळ असतो.
2. आपल्या बँकेला कळवा. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांत रिझर्व्ह बँकेचे नियम ग्राहकाला संरक्षण देतात. तुम्ही स्वतः पाठवलेल्या पैशांना ते सहज लागू होत नाही, म्हणून पहिली पायरी चुकवू नका.
3. संभाषण पुसू नका. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, फोन नंबर जपून ठेवा.
4. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार द्या. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे कारण आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते.

दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खासगी फोटो किंवा व्हिडिओ पसरवण्याची धमकी आली तर एक रुपयाही देऊ नका. पैसे दिले की मागणी वाढते. तिथेही वरचाच क्रम पाळा आणि घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा.

घरच्यांना सांगताना

लपवलेल्या मैत्रीवर घरात संशय येतो आणि उघड मैत्रीवर फार तर थट्टा होते. एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉलवर नवऱ्याशी, बायकोशी, आईवडिलांशी मित्राची ओळख करून द्या. विषय पुलांचाच ठेवा. कित्येकदा सासरे किंवा आजोबाच सुरू होतात, कारण त्यांनी त्या पुलावरून बैलगाड्या जाताना पाहिलेल्या असतात. तुमचं वय अठराच्या आत असेल तर आईवडिलांना ठाऊक नसलेली कोणतीही भेट ठरवू नका. यात सवलत नाही.

मैत्री टिकवायची तर दोघांना काम हवं

'कसे आहात, जेवलात का' यावर दूरची मैत्री फार दिवस चालत नाही. दोघांचं मिळून एक काम असलं की बोलायला कारण राहतं, आणि पुलांच्या बाबतीत असं काम भरपूर पडलेलं आहे. एक तालुका, एक नदी किंवा एक जुना रस्ता घ्या आणि त्यावरच्या पुलांची नोंदवही करा. कोकणातले असाल तर साकवही धरा. हे छोटे पादचारी पूल कुठल्याच यादीत नसतात आणि एका पावसाळ्यात नाहीसे होतात.

प्रत्येक पुलाची निदान एवढी नोंद हवी:

- जुनं, नवं आणि गावकऱ्यांच्या तोंडचं, अशी सगळी नावं
- नदी किंवा ओढा, दोन्ही तीरांवरची गावं, नकाशावरचं नेमकं ठिकाण
- कमानी किंवा गाळे किती. बांधणी दगडी, विटांची, लोखंडी की काँक्रीटची
- कोनशिलेवरचा मजकूर, जसा आहे तसा, चुकांसकट
- महापुराच्या खुणा, आणि त्या कोणत्या वर्षीच्या आहेत याबद्दल गावातले लोक काय सांगतात
- पूल आज वापरात आहे का, आणि पाहणीची तारीख

प्रत्यक्ष जाऊन पाहणं एकाने करावं आणि कागदपत्रं शोधणं दुसऱ्याने. परदेशातल्या किंवा आजारपणामुळे बाहेर न पडू शकणाऱ्या मित्राला यात बरोबरीचा वाटा मिळतो, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये पुलांची वर्णनं सापडतात. १८८५चे पुण्याचे खंड त्यासाठी उत्तम आहेत. महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाचं बरंच साहित्य ऑनलाइन वाचता येतं. मुंबईचं राज्य पुराभिलेखागार एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे. तिथे मात्र कुणाला तरी जाऊनच बसावं लागतं.

वेळेचा घोळ टाळण्यासाठी आठवड्याचा एक वार पक्का करा. मित्र ब्रिटनमध्ये असेल तर लक्षात ठेवा की मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात आणि एरवी साडेपाच. न्यूयॉर्कसाठी हाच फरक साडेनऊ आणि साडेदहा तासांचा, शिवाय तिथला बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. दर मार्चमध्ये 'तुम्ही आलाच नाहीत' असे रुसवे होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

पहिली भेट: पूल कुठला निवडाल?

भेटायचं ठरलं की दोघांच्याही मनात एखादा आडबाजूचा, झाडीत लपलेला, पडका पूल येतो. मोह स्वाभाविक आहे, पण पहिल्या भेटीला तो टाळा. अनोळखी माणूस आणि अनोळखी जागा ही दोन्ही जोखमी एकाच दिवशी घेऊ नका. गावातला, माणसांच्या वर्दळीतला पूल निवडा. पुण्यात बंडगार्डनचा १८६०च्या दशकातला पूल वाहनांना बंद आहे, त्यामुळे निवांत चालता येतं. नाशिकला होळकर पूल गोदाघाटाला लागूनच आहे. पणजीहून रायबंदरला जाणारा १६३०च्या दशकातला पोर्तुगीज बांध-पूल भरवस्तीतून निघतो आणि चार पावलांवर चहाची सोय असते. मेघालयात नोंग्रियाटचा मुळांचा दुमजली पूल पाहायचा तर तीन हजारांहून जास्त पायऱ्या उतराव्या आणि परत चढाव्या लागतात. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीसाठी ठेवा.

भेटीआधी एवढं कराच:

- कुठे, कुणाला, किती वाजेपर्यंत भेटणार हे घरी लिहून ठेवा आणि मोबाइलवरून ठिकाण शेअर करा.
- येण्या-जाण्याची सोय स्वतःची ठेवा. मित्राच्या गाडीतून जाणं पहिल्या दिवशी नको.
- मुक्काम वेगळा ठेवा.
- मन खात असेल तर निघून या. कारण सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. अडचणीत ११२ लावा.
- परदेशी नागरिक असलेला मित्र तुमच्या घरी उतरणार असेल, तर त्याच्या येण्याची नोंद २४ तासांच्या आत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे ऑनलाइन करावी लागते. हे हॉटेलांप्रमाणे घरांनाही लागू आहे आणि अनेकांना ते माहीत नसतं.

आता पुलाची मजबुती. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुलांवर प्रेम करणारी माणसंच धोक्याच्या पाटीकडे 'मला कळतं' म्हणून दुर्लक्ष करतात.

नदीवरच्या जुन्या पुलाचा मोठा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना पायाखालची वाळू-माती उपसून नेतं. वर कमान जशीच्या तशी दिसते आणि खाली आधार पोखरलेला असतो. ते पाणी ओसरल्याशिवाय कळत नाही, म्हणून पावसाळ्यात जुन्या पुलावर भेट ठरवू नका. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह माणसं वाहून गेली. त्या दिवसापर्यंत मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक त्या पुलावरून चालू होती.

दुसरा धोका गर्दीचा. मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर खुला होऊन जेमतेम चार दिवस झाले होते, तेव्हा ३० ऑक्टोबर २०२२ला तो तुटला आणि १३०हून अधिक माणसं गेली. 'नुकतीच दुरुस्ती झाली आहे' हा दिलासा पुरेसा नाही. गोव्यात कुडचडे-सावर्ड्याचा पोर्तुगीजकालीन पादचारी पूल वापरासाठी बंद होता. १८ मे २०१७ला नदीतलं बचावकार्य पाहायला लोक त्यावर चढले आणि तो कोसळला. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल १५ जून २०२५ला पर्यटकांच्या गर्दीत पडला. तो रविवार होता.

म्हणून पुलावर जाताना:

1. 'बंद' किंवा 'धोकादायक' अशी पाटी असेल तर पूल काठावरून पाहा. फोटोही तिथूनच चांगला येतो, कमानी दिसतात.
2. जून ते सप्टेंबर जुन्या पुलावर किंवा पुलाखाली थांबू नका. धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या पाहा.
3. झुलत्या किंवा लोखंडी पादचारी पुलावर गर्दी दिसली तर आत जाऊ नका, आत असाल तर बाहेर या.
4. सांध्यात उगवलेला पिंपळ ओढू नका, दगड 'आठवण' म्हणून उचलू नका. ज्या खात्याचा पूल आहे त्यांना फोटोसह कळवा.
5. रेल्वे पुलावर पाऊल ठेवू नका. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १४७नुसार अनधिकृत प्रवेशाला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

फोटोंवर हक्क कुणाचा?

ज्याने फोटो काढला, त्याचा. मित्राने पाठवला म्हणून तो तुमचा होत नाही. छापायचा, स्पर्धेत द्यायचा किंवा विकायचा असेल तर त्याची लेखी संमती घ्या. साधा मेसेजही पुष्कळ. प्रताधिकार कायदा १९५७नुसार छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. वास्तूचा फोटो काढून प्रसिद्ध करणं हे मात्र वास्तुरचनेच्या हक्काचं उल्लंघन ठरत नाही, तेव्हा 'पुलाचा फोटो का टाकलात' असं कुणी दटावलं तर घाबरू नका. नोंदवहीचं काम सुरू करतानाच दोघांनी ठरवून घ्या की फोटो विकिमीडिया कॉमन्ससारख्या मुक्त भांडारात द्यायचे की नाही. एकदा मुक्त परवान्याने दिले की ते मागे घेता येत नाहीत.

ड्रोन उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय नकाशावर तो भाग हिरव्या क्षेत्रात आहे का ते पाहा. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक-प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल क्षेत्रात परवानगीशिवाय तोही चालत नाही. धरण, रेल्वे, लष्करी हद्द इथे आधी विचारा, मग कॅमेरा काढा.

मित्र अचानक गप्प झाला तर

ऑनलाइन मैत्रीतली सर्वांत अवघड वेळ ही असते. घरच्यांना तुमचं नावही ठाऊक नसतं, त्यामुळे आजारपण किंवा मृत्यू तुम्हाला सर्वांत शेवटी कळतो, कधी कळतच नाही. म्हणून ओळख पक्की झाली की दोघांनी घरातल्या एकेका माणसाचा नंबर एकमेकांना द्या आणि त्या माणसालाही तसं सांगून ठेवा. मिळून केलेल्या नोंदवहीची प्रत दोघांकडे असू द्या. गूगल खात्यातल्या 'इनअॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये तुमच्यानंतर फोटो कुणाला मिळावेत हेही नेमून ठेवता येतं.

गप्प होणं ही इच्छासुद्धा असू शकते. दोन निरोप पाठवा, एकदा घरच्या नंबरवर खुशाली विचारा, आणि 'सध्या बोलायचं नाही' असं कळलं तर थांबा. सतत पाठलाग करणारे मेसेज हा त्रास आहे. स्त्रीने नको म्हटल्यावरही पुरुषाने तिच्याशी संपर्क चालू ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

पूल पाडणार असं कळलं तर

प्रत्येक जुना पूल वाचवता येत नाही, आणि माणसांच्या जिवावर बेतणारा पूल वाचवू नयेही. मुंबईत शीवचा १९१२चा पूल २०२४मध्ये वाहतुकीला बंद झाला, कर्नाक त्याआधीच गेला. पण पाडण्याचा निर्णय कशाच्या आधारावर घेतला, हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे.

- यादी पाहा. मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांच्या वारसा यादीत पूल असेल तर श्रेणीनुसार वारसा समितीचं मत घ्यावं लागतं.
- माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. संरचनात्मक तपासणीचा म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि त्यावरचा निर्णय यांची प्रत मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द ही मर्यादा आहे. मालकी सार्वजनिक बांधकाम विभाग, महापालिका, जिल्हा परिषद की रेल्वे, हे आधी शोधा. निम्मे अर्ज चुकीच्या दारात जाऊन महिना वाया जातो.
- पाडायचंच असेल तर काय जपायचं ते लेखी मागा. कोनशिला, कठड्याचा एखादा भाग, मोजमापांसह आराखडे. कर्नाक पुलावर इंग्रजी, देवनागरी आणि गुजराती अक्षरं कोरलेले दगड होते. असे दगड राडारोड्यात जाऊ नयेत यासाठी पाडकाम सुरू होण्याआधीच अर्ज हवा.
- शेवटची नोंद नीट करा. कमानींचे, सांध्यांचे, खालच्या बाजूचे फोटो, आणि पुलाच्या वयाची माणसं गावात असतील तर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा.

यात दूरच्या मित्राचा वाटा ठरवताना एक अडचण येते. माहितीचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. मित्राने परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड असूनही त्याच्या नावाने अर्ज चालणार नाही. मसुदा त्याने लिहावा, सही तुम्ही करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्यापुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं. ती तारीख दोघांनीही आपापल्या कॅलेंडरमध्ये लावून ठेवा.